धुक्यातल्या जंगलातलं अनोळखी झाड: फांदी कापण्यापासून नाव प्रसिद्ध होईपर्यंत

निलगिरी, पळणी, अन्नामलाई, अगस्त्यमलाई या डोंगरांच्या माथ्यांवर, साधारण १५०० मीटरच्या वर, घळींमधून जी बुटकी, शेवाळाने मढलेली सदाहरित जंगलं उरली आहेत ती शोला जंगलं. तिथे ओळख न पटणारं झाड भेटणं अगदी नेहमीचं आहे. निम्म्या झाडांची पानं एकाच साच्यातली वाटतात: जाड, चकचकीत, साध्या कडांची. फुलं काही मिलिमीटरची, तीही दहा-पंधरा मीटर उंचीवर आणि धुक्यात. त्यामुळे ‘मला ओळखता येत नाही’ आणि ‘विज्ञानाला माहीत नाही’ या दोन वाक्यांमध्ये फार मोठी वाट आहे, आणि तिचा बराचसा भाग जंगलातून नव्हे, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाच्या, कपाटांमधून जातो.

याला आकड्यांचा आधार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सपुष्प वनस्पतींच्या नव्या प्रजाती पहिल्यांदा गोळा कधी झाल्या आणि त्यांना नाव कधी मिळालं हे तपासलं होतं. गोळा झाल्यापासून ५ वर्षांच्या आत वर्णन झालेल्या प्रजाती फक्त १६ टक्के निघाल्या. जवळजवळ एक-चतुर्थांश प्रजातींच्या वर्णनात तर ५० वर्षांहून जुने नमुने वापरलेले होते. झाड लहान किंवा दुर्मीळ असतं म्हणून निसटतं, असंही नाही. इक्वेडोर आणि पेरूच्या अँडीजमध्ये १८०० ते २४०० मीटर उंचीवर वाढणारं, ३० मीटरपर्यंत जाणारं इन्काडेंड्रॉन एसेरी हे एरंडाच्या कुलातलं झाड. त्याचं वर्णन २०१७ मध्ये झालं, आणि तेही नुसती नवी प्रजाती म्हणून नव्हे, नवा जीनस, म्हणजे प्रजातींचा अख्खा नवा गट, म्हणून.

खालची पद्धत शोला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. नामकरणाचे नियम जगभर एकच असल्यामुळे तो भाग कुठल्याही डोंगरावरच्या झाडाला लागू पडेल.

जाण्याआधी

पहिलं काम परवान्याचं. संरक्षित क्षेत्रात, म्हणजे राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो. तिथली साधी फांदीसुद्धा राज्याच्या वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय कापता येत नाही. अर्जात झाडांचे गट, नमुन्यांची संख्या, ठिकाणं आणि नमुने शेवटी कुठल्या हर्बेरियममध्ये जाणार हे स्पष्ट लिहा. ‘सर्व वनस्पती’ असं मोघम लिहिलेले अर्ज अडकतात. परदेशी सहकारी असेल किंवा साहित्य देशाबाहेर जाणार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी जावं लागतं. यात महिने जातात, म्हणून फुलांचा हंगाम धरून उलटं मोजा.

हंगामाबद्दल एकच सांगणं: एका फेरीत काम होत नाही. नव्या झाडाच्या वर्णनाला फूल हवं, फळ हवं, आणि नर-मादी झाडं वेगळी असतील तर दोन्हींची फुलं हवीत. पहिल्या फेरीत झाड हेरा, जीपीएस बिंदू घ्या, अॅल्युमिनियमचा क्रमांकाचा बिल्ला बांधा आणि वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना ते झाड दाखवून ठेवा. कळ्या कधी धरल्या हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

सामानात ६ ते ९ मीटरपर्यंत जोडता येणारी कटरची काठी, सिकेटर (फांद्या कापायची कात्री), दुर्बीण, १० पट भिंग, मोजपट्टी, जीपीएस, पेन्सिल आणि जाड कागदाची वही असावी. शाईने लिहिलेलं धुक्यात पसरतं. शिवाय दोऱ्याचे छोटे क्रमांक-टॅग, जुनी वर्तमानपत्रं, नमुने दाबायचा हर्बेरियम प्रेस, ओलावा शोषणारं सिलिका जेल, कागदी पाकिटं आणि ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या झाकणाच्या बाटल्या. झाडावर चढायचं तर दोर-हार्नेसचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच. शेवाळलेल्या ओल्या फांद्या भरवशाच्या नसतात.

पुण्या-कोल्हापूरकडच्या विद्यार्थ्यांनी दक्षिणेत जाण्याआधी महाबळेश्वर-आंबोलीत पिशावर हात बसवावा. पिसा हा ॲक्टिनोडॅफ्नी, दालचिनीच्याच कुलातला. नर-मादी झाडं वेगळी, फुलं बारीक. शोलात जे गोंधळ होतात ते सगळे इथे स्वस्तात शिकून होतात.

फांदी कापताना

नमुना म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटरची फांदी: टोकाची कळी, कोवळी आणि जून पानं, फुलोरा किंवा फळं, सगळं एकाच फांदीवर. एका झाडाचे ६ ते ८ जोड-नमुने घ्या. त्यातला एक पुढे होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, होईल; बाकीचे त्याच्या जोडीचे आयसोटाइप म्हणून वेगवेगळ्या हर्बेरियमना जातील. एका संस्थेत आग, पाणी किंवा कीड लागली तरी दुसरीकडे नमुना उरावा, एवढ्यासाठीच ही वाटणी असते. परिसरात दोन-चारच झाडं दिसली तर मात्र तीन जोड-नमुन्यांवर थांबा.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. एका झाडाची, एका दिवशी, एकाच गोळा करणाऱ्याने घेतलेली सामग्री म्हणजे एक क्रमांक. शेजारचं झाड तसंच दिसलं तरी त्याला वेगळा क्रमांक. तेच झाड, पण चार महिन्यांनी फळं घेतली, तर पुन्हा वेगळा क्रमांक. हे कारकुनी वाटतं, पण कितीतरी नावं इथेच बाद झाली आहेत. होलोटाइप एकाच वेळच्या संकलनातला असावा लागतो. फुलांची शीट (नमुना चिकटवलेला जाड कागद) मार्चची, फळांची शीट ऑगस्टची, आणि लेखात दोन्ही मिळून ‘होलोटाइप’ असं लिहिलं, तर ते नाव वैध प्रसिद्ध झालेलंच धरत नाहीत. फुलांची शीट होलोटाइप करा, फळांची पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपशिवाय लेखात दिलेला जादा नमुना, म्हणून द्या.

झाडाखाली पडलेली फुलं आणि फळं वेगळ्या पाकिटात घ्यायला हरकत नाही, पण पाकिटावर ‘जमिनीवरून’ लिहा. शोलात फांद्या एकमेकींत घुसलेल्या असतात आणि वरून पडलेलं फूल शेजारच्या झाडाचं असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. फांदीवरचं शेवाळ, ऑर्किड, बांडगूळ सोडवून टाका. बांडगुळाची पानं यजमान झाडाची म्हणून दाबली गेलेले नमुने जुन्या संग्रहांत आहेत.

प्रत्येक क्रमांकासाठी तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. एक, पाच-सहा फुलं आणि कळ्या अल्कोहोलच्या बाटलीत. दाबलेल्या फुलात पुंकेसरांची वलयं मोजणं फार कठीण जातं. दोन, कोवळ्या, निरोगी पानाचा तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये. पानाच्या वजनाच्या किमान दहा पट जेल, म्हणजे २४ तासांच्या आत पान कुरकुरीत होतं. जेलचा रंग बदलला की जेल बदला. तीन, फळ आडवं आणि उभं कापून त्याचे मोजपट्टीसह फोटो. वाळल्यावर गराची जाडी कळत नाही.

नोंदवहीत काय हवं

जे वाळल्यावर नाहीसं होतं ते सगळं. झाडाची उंची, छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा, खोडाचा घेर. साल गुळगुळीत, खवल्यांची की भेगाळ. सालीला सुरीचा छोटा तिरका छेद दिल्यावर आतला रंग, दोन मिनिटांनी तो बदलतो का, चीक येतो का, आला तर कुठल्या रंगाचा. दालचिनीच्या कुलातल्या झाडांची साल आणि पानं चुरगळली की बहुधा सुगंध येतो. कोकमाच्या कुलात पिवळट किंवा पांढरा चीक. एरंडाच्या कुलात अनेकदा दुधी. पाकळ्यांचा, पुंकेसरांचा, पिकलेल्या फळाचा आणि कोवळ्या पालवीचा रंग. वास असेल तर त्याचं साध्या शब्दांत वर्णन.

जागेची नोंदही तितकीच नेमकी हवी. ‘मुन्नारजवळ’ याला अर्थ नाही. अक्षांश-रेखांश दशांश अंशात, संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस ८४, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा, झाड घळीत आहे की कड्याच्या धारेवर, आणि आजूबाजूची पाच-सहा झाडं. धुक्याखालच्या दाट छत्रात जीपीएसची उंची बरीच चुकू शकते. स्थलालेख नकाशावर ताडून पाहा.

धारेवर की घळीत, हा तपशील का हवा? धारेवर सतत वारा आणि ढग, माती पातळ. तीच प्रजाती तिथे तीन मीटरची झुडपी, बोटभर लांबीच्या जाड पानांची होते आणि खाली घळीत बारा मीटरची, दुप्पट मोठ्या पातळ पानांची. उंची वाढत जाते तशी पानं लहान आणि चामड्यासारखी होत जातात. या उतरंडीची दोन टोकं तेवढी गोळा केली की दोन प्रजाती दिसतात. मधले नमुने घेतले की त्या विरघळतात. ढगांच्या जंगलांतून आलेल्या संशयास्पद ‘नव्या’ नावांमागे हे कारण वारंवार सापडतं. म्हणून माथ्यावरचं झाड वेगळं वाटलं तर खाली उतरत दर शंभर मीटरला एक नमुना घ्या.

वाळवणं

शोलात हवेतच पाणी असतं. नुसत्या वर्तमानपत्रात ठेवलेला नमुना दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि पानं देठापासून गळतात. दोनच उपाय चालतात.

मुक्कामाला वीज असेल तर नमुन्यांमध्ये नालीदार पत्रे किंवा नालीदार पुठ्ठे घालून प्रेस गरम हवेवर उभा ठेवा, म्हणजे हवा नळ्यांमधून वर जाते. तापमान ४५ ते ६० अंश सेल्सियस. त्याहून गरम केलं तर पानं काळी पडतात, ठिसूळ होतात. साधी पानं एक-दोन दिवसांत वाळतात. जाड पानं आणि फळांना जास्त वेळ लागतो. पहिल्या काही तासांनी प्रेस उघडून एक-दोन पानं उलटी करा. शीटवर पानाची पाठ दिसली नाही तर लव आणि शिरा तपासताच येत नाहीत.

वीज नसेल तर अल्कोहोल. नमुने वर्तमानपत्रात घालून गठ्ठा बांधायचा, जाड प्लॅस्टिक पिशवीत ठेवायचा, ६० ते ७० टक्के अल्कोहोल सगळा कागद भिजेल इतकं ओतायचं आणि पिशवी हवाबंद करायची. असा गठ्ठा काही आठवडे टिकतो. तोटे दोन: रंग जातो आणि डीएनए बिघडतो. म्हणून सिलिका जेलचे तुकडे आधीच काढलेले असायला हवेत आणि लेबलवर ‘अल्कोहोलमध्ये ठेवलेला’ अशी नोंद हवी. परत आल्यावर गठ्ठा उघड्या हवेत निथळू द्या, मगच ड्रायरला लावा. अल्कोहोलची वाफ पेट घेते. यात घाई नको.

वाळलेला नमुना हर्बेरियममध्ये नेण्याआधी पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवला की किडे आणि अंडी मरतात. पूर्वी हेच काम मर्क्युरिक क्लोराईडने होई. त्यामुळे जुन्या शीट हाताळताना हातमोजे घाला आणि जवळ खाणंपिणं ठेवू नका. आपल्याकडे शीटचा रूढ आकार ४२ × २८ सेंटिमीटर आहे. प्रेस करतानाच फांदी त्यात बसेल अशी वळवा.

कुल आणि जीनस: दालचिनीच्या कुलाचं उदाहरण

शोलात सर्वांत जास्त डोकं खाणारं कुल लॉरेसी, म्हणजे दालचिनीचं कुल. इथे पानांवरून जीनस ठरवायला जाल तर फसाल. फूल उघडा, भिंगाखाली मोजा.

फुलातल्या पाकळीवजा दलांची संख्या ४ आणि पुंकेसर ६ असतील तर निओलिट्सिया. दलं ६ आणि पुंकेसर ९ किंवा १२ असतील तर लिट्सिया किंवा ॲक्टिनोडॅफ्नी. मग फुलोऱ्याभोवतालची छदं (पानासारखी छोटी आवरणं) बघायची: लिट्सियात ती फुलं उमलेपर्यंत टिकतात, ॲक्टिनोडॅफ्नीत लवकर गळतात, आणि ॲक्टिनोडॅफ्नीची पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. या तिन्हींत परागकोशाला चार कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा झडपेने उघडतो. कप्पे दोनच असतील तर लिंडेरा किंवा क्रिप्टोकॅरियाकडे वळा. क्रिप्टोकॅरियाचं फळ फुलाच्या वाढलेल्या नळीत पूर्ण झाकलेलं असतं. फुलं द्विलिंगी आणि पानाला तळाशी तीन ठळक शिरा असतील तर बहुधा सिनॅमोमम.

मादी फुलातही पुंकेसर असतात, पण वांझ. ते मोजून ‘द्विलिंगी’ लिहिण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते. परागकोश फोडून त्यात पराग आहेत का ते पाहा.

इतर गटांबद्दल थोडक्यात. सिझिजियममध्ये कळी फुटताना पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळतात की सुट्या, फुलाच्या तळाशी देठासारखा भाग किती लांब, आणि पानाच्या कडेलगतची शीर कडेपासून किती आत, हे बघा. आयलेक्समध्ये फळातल्या आठळ्यांची संख्या आणि त्यांच्या पाठीवरचे चर. सिम्प्लोकॉसमध्ये फळाचा आकार आणि आठळीची आतली रचना. एलिओकार्पसमध्ये पाकळीच्या झालरीच्या फाट्या आणि परागकोशाच्या टोकाचा केस.

जुनं नाव नाही ना?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं आमचं ठाम मत आहे. झाड नवं आहे हे सिद्ध करता येत नाही. ते आधी नाव दिलेल्यांपैकी कुठलंच नाही, एवढंच दाखवता येतं. म्हणजे एकूण एक जुनी नावं तपासावी लागतात.

आधी त्या जीनसमधल्या भारत, श्रीलंका, म्यानमार आणि मलाया भागातल्या सगळ्या नावांची यादी करा. मान्य नावंच नव्हे, पर्यायी म्हणून बाजूला टाकलेली नावंही. आयपीएनआय ही वनस्पतींच्या नावांची जागतिक ऑनलाइन सूची आणि लंडनच्या क्यू उद्यानाचं प्लॅन्ट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन यांवरून ही यादी निघते. श्रीलंका वगळू नका: तिथल्या उंच डोंगरांवरची झाडं आणि शोलातली झाडं यांचं नातं जवळचं आहे. मग प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा. रॉबर्ट वाइट, बेडोम, हूकर, गॅम्बल या ब्रिटिश काळातल्या वनस्पती-अभ्यासकांच्या वेळचं बहुतेक साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत आहे. मूळ वर्णन अनेकदा लॅटिनमधल्या दोन ओळींचंच असतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. तेव्हा त्या नावाचा आधार असलेला टाइप नमुना पाहावा लागतो. ऑनलाइन प्रतिमेत शिरा दिसतात, लव बहुधा दिसत नाही. ती बघायला हर्बेरियममध्ये जा किंवा तिथल्या क्युरेटरला सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मागा.

एकोणिसाव्या शतकात ‘ही तर त्याच झाडाची एक तऱ्हा’ म्हणून बुडवलेली कितीतरी नावं आज पुन्हा उभी राहू शकतात. तुमचं झाड त्यातलं एक निघालं तर नवं नाव देता येत नाही. जुनंच पुनरुज्जीवित करायचं. काहींना यात निराशा वाटते. पण विज्ञानाला त्याचं मोल नव्या प्रजातीइतकंच आहे, आणि लेखही प्रसिद्ध होतो. एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांच्या याद्यांमधल्या नावांबाबत मात्र सावध राहा: त्यातली अनेक वर्णनाविना छापलेली आहेत, म्हणजे नियमाने ती नावंच नाहीत.

दक्षिणेच्या झाडांसाठी कोइमतूरचं मद्रास हर्बेरियम, पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था, पीचीची केरळ वन संशोधन संस्था आणि कालिकत विद्यापीठ इथले संग्रह पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. हावड्याचं केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम आहेच. झाडाचा पल्ला उत्तरेकडे येत असेल तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, आघारकर संशोधन संस्था, मुंबईचं ब्लाटर हर्बेरियम आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. प्रत्येक ठिकाणी फक्त ओळखलेल्या शीट पाहून परतू नका. जीनसच्या शेवटी ‘अनिश्चित’ म्हणून ठेवलेल्या फोल्डरमध्ये तुमचं झाड साठ वर्षांपूर्वी कुणीतरी आणून ठेवलेलं असण्याची शक्यता सर्वाधिक.

मोजमाप

प्रत्येक नमुन्यातली किमान १० जून पानं मोजा; पानाची लांबी, रुंदी, देठ, दुय्यम शिरांच्या जोड्या. वाळलेली फुलं साबणाचा एक थेंब घातलेल्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवली की मऊ होऊन उलगडतात. ५ ते १० फुलं उघडा. ओल्या आणि वाळलेल्या नमुन्यांची मापं एकत्र करू नका, कारण वाळताना अवयव आक्रसतात. कोंबांवरची आणि तोडलेल्या बुंध्यातून फुटलेली पानं वगळा. ती नेहमीच अवाजवी मोठी असतात.

मग सर्वांत जवळच्या दोन-तीन प्रजातींशी तक्ता करा. निकष कडक ठेवा: एकमेकांवर अवलंबून नसलेली किमान दोन, शक्यतो तीन लक्षणं, ज्यांच्या मापांत मधली रिकामी जागा आहे. पानाची लांबी ६–९ विरुद्ध ८–१२ सेंटिमीटर, हा फरक नव्हे. ९ पुंकेसर विरुद्ध १२, फळाच्या तळाचा पेला उथळ विरुद्ध फळाच्या अर्ध्यापर्यंत, फांद्या तुळतुळीत विरुद्ध टिकून राहणारी लव, हे फरक. पान मोठं म्हणून देठही लांब, ही दोन लक्षणं नाहीत, एकच आहे. आणि एकाच झाडाच्या नमुन्यावर प्रजाती उभी करण्याचा मोह टाळा. तो संकर किंवा विकृती असू शकतो. कळ्यांवर किड्यांनी केलेल्या गाठी फळं म्हणून वर्णन होण्याचा धोका लॉरेसीत खरा आहे. शंका आली की कापून पाहा. आत बी नसेल, अळी असेल.

डीएनएची सक्ती नियमांत नाही. आयटीएस, मॅट-के, टीआरएनएच-पीएसबीए यांसारखे डीएनएचे भाग झाड वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवर बसतं हे सांगतात. आरबीसीएल हा भाग जवळच्या प्रजातींमध्ये बहुधा काहीच फरक दाखवत नाही. अनुक्रम वेगळा आला पण बाह्य लक्षण एकही सापडत नसेल, तर नाव देण्याची घाई नको. जेनबँक या डीएनए-अनुक्रमांच्या जाहीर संग्रहात अनुक्रम टाकताना नमुना क्रमांक जोडलाच पाहिजे.

लिहिणं

नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता दर काही वर्षांनी सुधारते. २०१७ च्या शेन्झेन परिषदेनंतर २०२४ ची माद्रिद परिषद झाली. झाडासाठी पाळायच्या मुख्य अटी अशा:

- वर्णन किंवा डायग्नोसिस इंग्रजी वा लॅटिनमध्ये. लॅटिनची सक्ती १ जानेवारी २०१२ पासून गेली. मराठीत कितीही उत्तम वर्णन लिहिलं तरी त्याने नाव वैध होत नाही.
- ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आणि तो नमुना ठेवलेलं एकच हर्बेरियम सांगितलेलं. ‘होलोटाइप: कोइमतूर आणि हावडा’ असं लिहिलं की नाव बाद. १९९० पासूनचा हा नियम आहे.
- टाइप म्हणून नमुनाच हवा. फोटो किंवा चित्र चालत नाही.
- प्रकाशन छापील, किंवा आयएसएसएन अथवा आयएसबीएन असलेलं ऑनलाइन पीडीएफ.

डायग्नोसिस म्हणजे जवळच्या प्रजातीपासून वेगळेपण, दोन-तीन ओळींत. ढाचा असा, मापं काल्पनिक: “‘अ’ प्रजातीसारखी, पण फांद्यांवर टिकणारी गंजाच्या रंगाची लव (तुळतुळीत नव्हे), पुंकेसर १२ (९ नव्हे) आणि फळाचा निम्मा भाग झाकणारा पेला (तळाशी उथळ नव्हे) यांवरून वेगळी.” प्रत्येक फरकासमोर दुसऱ्या प्रजातीचं माप आलंच पाहिजे. ‘पानं मोठी’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला कशापेक्षा मोठी ते कळत नाही.

सविस्तर वर्णन ठरलेल्या क्रमाने: झाडाची ठेवण, साल, फांद्या, कळ्या, पानं, फुलोरा, नर फूल, मादी फूल, फळ, बी. अपवादात्मक टोकाची मापं कंसात. सोबत रेखाचित्राची पाटी द्याच, प्रत्येक भागाला स्वतंत्र मोजपट्टीसह. फोटो कितीही चांगला असला तरी पुंकेसराच्या तळाच्या ग्रंथी चित्रातच नीट दिसतात.

नावाचं व्याकरण चुकलं तर संपादक सुधारतात, पण आधीच बरोबर असलेलं बरं. विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं: सिझिजियम नपुंसकलिंगी, म्हणून मोंटानम; लिट्सिया स्त्रीलिंगी, म्हणून मोंटाना. व्यक्तीच्या नावावरून देताना रोमन स्पेलिंग पाहायचं. पुरुषाचं आडनाव व्यंजनाने संपलं तर शेवटी दोन ‘आय’, म्हणून वाइटवरून वाइटिआय. स्वराने किंवा ‘ईआर’ने संपलं तर एकच, म्हणून गॅम्बलवरून गॅम्बलाय आणि एसरवरून एसेरी. त्याच हिशेबाने पाटील असेल तर पाटीलिआय, काळे असेल तर काळेआय. स्त्रीच्या नावाच्या शेवटी ‘एई’ (रोमन ae) येतं. नाव रोमन ‘a’ अक्षराने संपत असेल तर नियम वेगळा आहे, तेव्हा संहितेचा साठावा अनुच्छेद उघडून बघा. स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हा अलिखित संकेत. आणि ते विशेषण त्या जीनसमध्ये जगात कुठेही आधी वापरलेलं नाही ना, हे आयपीएनआयवर शोधा. शंभर वर्षांपूर्वी ब्राझीलच्या झाडाला दिलेलं असलं तरी ते आता तुम्हाला मिळत नाही.

धोक्याची पातळी ठरवताना

एकाच ठिकाणी सापडलं म्हणून ‘अतिसंकटग्रस्त’ लिहून मोकळं होणं ही रूढ चूक. निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना आययूसीएन हिच्या ‘बी’ निकषात विस्तार १०० चौरस किलोमीटरपेक्षा किंवा प्रत्यक्ष व्याप्ती १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असणं पुरेसं नाही. तुकडे पडणं किंवा फार थोडी ठिकाणं, चालू असलेली घट, आणि टोकाचे चढउतार या तिन्हींपैकी किमान दोन दाखवावी लागतात. व्याप्ती २ × २ किलोमीटरच्या चौकटींनी मोजतात. जिओकॅट हे मोफत साधन ते करतं. प्रौढ झाडं ५० पेक्षा कमी असल्याची नीट गणना असेल तर ‘डी’ निकष वापरता येतो. शोलाच्या बाबतीत घट दाखवायला चहाचे मळे, वॉटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आणि निलगिरी (युकॅलिप्टस) या झाडांची लागवड, गवताळ माथ्यावरचे वणवे अशी ठोस कारणं असतात. ती तुमच्या झाडाच्या जागी प्रत्यक्ष आहेत का ते लिहा. आजूबाजूच्या घळी शोधलेल्याच नसतील तर ‘अपुरी माहिती’ हा वर्ग प्रामाणिक आहे. लाकडाला किंवा सालीला बाजार असलेल्या झाडाचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नका.

प्रसिद्धी आणि त्यानंतर

फायटोटॅक्सा, फायटोकीज, क्यू बुलेटिन, नॉर्डिक जर्नल ऑफ बॉटनी, आणि आपल्याकडे ऱ्हीडिया ही या प्रकारच्या लेखांची नियतकालिकं. लेख पाठवण्याआधी होलोटाइप हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक मिळवा. ‘जमा करणार आहोत’ यावर थांबू नका. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नियुक्त भांडाराला देणं बंधनकारक आहे. वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे असं भांडार आहे. लेख येईपर्यंत नाव वर्तमानपत्रात, समाजमाध्यमांवर किंवा परिषदेच्या सारांशात जाऊ देऊ नका. तिथे ते वैध होत नाहीच, उलट नुसतं पोकळ नाव म्हणून फिरत राहतं.

लेख आल्यावर आयसोटाइप वाटून टाका, प्रत्येकावर लाल किनारीचं टाइप-लेबल आणि लेखाचा संदर्भ लावून. ज्या हर्बेरियममध्ये अनिश्चित शीट पाहिल्या होत्या तिथे ओळखचिठ्ठ्या पाठवा: झाडाचं नाव, तुमचं नाव, वर्ष. जुनी चिठ्ठी काढू नये, नवी तिच्या शेजारी चिकटवावी. ज्या वन परिक्षेत्रातून फांदी आणली तिथे एक जोड-नमुना आणि पानाफुलांचे फोटो ठेवा, म्हणजे पुढच्या गस्तीत दुसरं झाड दिसलं तर त्यांना ताडून पाहता येईल.